सुरूलची कोठी

आज एका घराची गोष्ट सांगते. घर आपल्याकडचं नाही. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात सुरूल नावाचं गाव आहे, तिथलं. शांतिनिकेतनपासून साधारण तीन किलोमीटरवर. शांतिनिकेतन आपल्याला ऐकून माहीत असतं. रवींद्रनाथ टागोरांची शाळा, झाडाखाली भरणारे वर्ग हे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं. पु. ल. देशपांडे बंगाली शिकायला तिथे जाऊन राहिले होते, तेही पुष्कळांना ठाऊक असेल. पण शांतिनिकेतनला एक बहीण आहे, श्रीनिकेतन. शांतिनिकेतनात गाणी, चित्रं, पुस्तकं. आणि श्रीनिकेतनात शेती, खत, विणकाम, दवाखाना. या बहिणीचा जन्म झाला सुरूलच्या एका जुन्या कोठीत.

शेतीत नवीन काही करून बघायचं तर त्याची जोखीम कुणी घ्यायची, हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात असतो. शंभर वर्षांपूर्वी त्या कोठीत राहायला गेलेल्या माणसांपुढेही तोच प्रश्न होता. म्हणून ही गोष्ट आपल्या कामाची आहे.

आधी कोठीबद्दल. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात 'कोठी' म्हणजे व्यापाराचं ठाणं. माल गोळा करायचा, साठवायचा, आणि परदेशी धाडायचा. बीरभूममध्ये कंपनीचा जॉन चीप नावाचा मोठा व्यापारी अधिकारी होता. तो सुरूलहून कारभार बघायचा. आसपासच्या विणकरांकडून कापड घेतलं जायचं. निळीचा व्यवहार होता, साखरेचा होता. म्हणजे कोठीचं आणि गावाचं नातं एकाच दिशेचं होतं. गावातून माल कोठीत यायचा आणि कोठीतून बाहेर जायचा. गावाकडे काय परत येत होतं, याचा हिशोब कोठीच्या वहीत नव्हता.

पुढे कंपनी गेली, व्यापार गेला. कोठी आणि भोवतालची जमीन वेगवेगळ्या हातांतून फिरत रायपूरच्या सिन्हा कुटुंबाकडे आली. हे रायपूर म्हणजे तिथलंच जवळचं गाव, छत्तीसगडचं नव्हे. सिन्हांकडून 1912 साली रवींद्रनाथांनी ती विकत घेतली.

आता कवीला शेतावरची कोठी कशाला हवी होती? त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

टागोर घराणं जमीनदारांचं. पूर्व बंगालमध्ये शिलाईदह, पतिसर या भागांत त्यांच्या जमिनी होत्या. तो भाग आज बांगलादेशात आहे. तिशीत असताना वडिलांनी रवींद्रनाथांना जमीनदारीचा कारभार बघायला तिकडे पाठवलं. कलकत्त्यात वाढलेल्या या माणसाने तिथे पहिल्यांदा गाव जवळून पाहिलं. सावकाराचं कर्ज, ताप, आटलेली विहीर, आणि 'आपल्याच्याने काही होणार नाही' असं धरून बसलेली माणसं.

त्यांनी स्वतः सांगितलेली एक आठवण आहे. एका गावात आग लागली आणि विझवायला पाणी नव्हतं. नंतर रवींद्रनाथ गावकऱ्यांना म्हणाले, तुम्ही विहीर खणा, बांधून द्यायचा खर्च मी करतो. लोकांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की हे तर माशाच्याच तेलात मासा तळण्यासारखं झालं. घाम आमचा, आणि पुण्य तुमच्या खात्यावर! विहीर झाली नाही.

ही आठवण वाचून पहिल्यांदा गावकऱ्यांचा राग येतो. पण जरा थांबून बघा. ज्या जमीनदाराच्या कचेरीत पिढ्यान्‌पिढ्या फक्त सारा भरला, तो एक दिवस येऊन 'विहीर खणा' म्हणाला, तर त्यात काहीतरी काळंबेरं असणार असं लोकांना वाटणारच. रवींद्रनाथांच्या ध्यानात आलं, की पैसा आणि चांगला हेतू एवढ्यावर भागत नाही. आधी विश्वास लागतो.

मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, 1905 साली पतिसरला कृषी बँक काढली. शेतकऱ्याला सावकारापेक्षा कमी व्याजाने कर्ज मिळावं म्हणून. 1913 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं, तेव्हा त्या रकमेचा मोठा भाग त्यांनी या बँकेत ठेवला. आपण गटातून अंतर्गत कर्ज देतो ना, त्याच्याच मागची ही कळकळ.

दुसरी गोष्ट मुलाची. त्या काळी श्रीमंत घरातली मुलं विलायतेला बॅरिस्टर व्हायला किंवा सरकारी परीक्षा द्यायला जायची. रवींद्रनाथांनी 1906 मध्ये मुलाला, रथींद्रनाथांना, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शेती शिकायला पाठवलं. मुलाचा मित्र संतोषचंद्र मजुमदारही बरोबर गेला. मागून जावईही गेले. घरातली तीन मुलं शेती शिकायला सातासमुद्रापार! 1909 मध्ये रथींद्रनाथ परत आले आणि शिलाईदहला त्यांनी शेत उभं केलं. मक्याचं बियाणं आणलं, नवी अवजारं आणली, माती तपासायला छोटी प्रयोगशाळा केली.

यानंतर 1912 मध्ये सुरूलची कोठी घेतली. विचार असा, की शांतिनिकेतनच्या जवळ शेतीचं केंद्र व्हावं. पण बीरभूमच्या त्या भागात मलेरियाने थैमान घातलेलं होतं. रथींद्रनाथ तिथे राहायला गेले, पण आजारपणापुढे टिकाव लागेना. कोठी घेऊन दहा वर्षं होत आली, तरी जे करायचं होतं ते मार्गी लागलं नव्हतं. जमीन आहे, घर आहे, शिकलेला मुलगा आहे, तरी काम उभं राहत नाही, हे आपणही पाहतो. योजना मंजूर असते, शेडही बांधून होते आणि आत कोंबडी नसते.

काम पुढे गेलं ते लेनर्ड एल्महर्स्ट या तरुण इंग्रजामुळे. त्यांचा जन्म 1893 चा. केंब्रिजला ते इतिहास शिकले. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात येऊन गेले. इथली गावं पाहून त्यांना वाटलं, की आपल्याला इतिहास येतो पण उपयोगाचं काही येत नाही. म्हणून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शेती शिकायला गेले. तिथे असताना न्यूयॉर्कमध्ये रवींद्रनाथांची भेट झाली. रवींद्रनाथांनी सुरूलबद्दल सांगितलं आणि बोलावलं. 1921 च्या अखेरीस एल्महर्स्ट आले. खर्चासाठी पैसे दिले डोरोथी स्ट्रेट या अमेरिकन बाईंनी. पुढे त्यांचं आणि एल्महर्स्ट यांचं लग्न झालं.

काळ लक्षात घ्या. असहकाराची चळवळ जोरात होती. इंग्रज माणसावर गावाने विश्वास का ठेवावा? 6 फेब्रुवारी 1922 या दिवशी एल्महर्स्ट, काही सहकारी आणि शांतिनिकेतनचे दहा-एक विद्यार्थी कोठीत राहायला गेले. हाच दिवस श्रीनिकेतनचा वाढदिवस. दर वर्षी याच दिवसांत तिथे मेळा भरतो.

पहिलं काम कोणतं असेल? नांगरट? पेरणी? नाही. पहिलं काम होतं संडासाचं. नोकर ठेवायचे नाहीत, सफाईला दुसरा माणूस ठेवायचा नाही, असं ठरलं होतं. स्वयंपाक आपला आपण, पाणी आपलं आपण, आणि मैलाही आपला आपण उचलायचा. चर खणायचे, त्यात मैला टाकून मातीने झाकायचा, आणि मग त्या जमिनीत भाजीपाला करायचा. आपल्याकडे याला सोनखत म्हणतात. नाव किती सुंदर आहे बघा! वस्तूला सोनं म्हणायचं आणि ते उचलणाऱ्या माणसाला मात्र शिवायचं नाही, असा आपला जुना न्याय. वरच्या जातींतल्या शिकलेल्या मुलांनी हातात बादली घेणं ही 1922 साली साधी गोष्ट नव्हती. मला तर त्या कोठीतला हा सगळ्यात मोठा प्रयोग वाटतो. जमिनीवरचा आणि मनावरचाही.

इथे एक सूचना. ताजा मैला भाजीला घालू नका, त्यातून रोग पसरतात. आज दोन खड्ड्यांचं शौचालय असतं. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा वापरायचा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचं वर्ष-दीड वर्षात वास नसलेलं, मातीसारखं खत होतं. ते शेतात चालतं.

तर हळूहळू कोठीतली मंडळी गावात जाऊ लागली. एल्महर्स्ट यांना गावापुढे तीन शत्रू दिसले: माकडं, मलेरिया आणि माणसांचा एकमेकांवरचा अविश्वास. माकडं पिकं नासवत. मलेरिया अंगातली ताकद काढून घेई. आणि तिसऱ्या शत्रूमुळे पहिल्या दोघांवर उपाय होत नसे. एकट्याने आपल्या दारातलं डबकं बुजवून उपयोग काय? शेजाऱ्याच्या डबक्यातले डास तुमच्याकडे येणारच. मलेरिया हा असा रोग आहे, की त्यासाठी सगळ्या आळीला एकत्र यावं लागतं.

म्हणून शेतीच्या आधी आरोग्याचं काम घ्यावं लागलं. ग्रेचेन ग्रीन या अमेरिकन बाईंनी सुरूलला दवाखाना चालवला. कालीमोहन घोष गावोगाव फिरले. ते रवींद्रनाथांचे जुने सहकारी, गावात बसून ऐकणारे. मुलांची पथकं तयार झाली, त्यांना 'व्रती बालक' म्हणत. डबकी बुजवणं, क्विनाइन पोचवणं, आग लागली तर धावणं, जत्रेत मदत करणं ही त्यांची कामं. मुलांच्या मागून आया आल्या, आयांच्या मागून घर उघडलं. पुढे गावांनी वर्गणी भरून आरोग्याच्या सहकारी संस्थाही काढल्या.

आता शेतीकडे येऊ. 1922 च्या जुलैमध्ये कलकत्त्यात एल्महर्स्ट यांचं व्याख्यान झालं. विषय होता जमिनीची लूट. अध्यक्षस्थानी रवींद्रनाथ होते. मुद्दा साधा होता. पीक जमिनीतून अन्नद्रव्यं घेतं. धान्य शहरात जातं, चामडं, हाडं शहरात जातात, आणि शहरातून जमिनीकडे काहीच परत येत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की जमीन कंगाल होते, आणि जमिनीमागून गाव कंगाल होतं. कंपनीच्या कोठीत जे घडत होतं तेच हे. फक्त घेणं, परत न देणं. ज्या घराने कंपनीच्या काळात गावाकडून घेण्याचंच काम केलं, त्याच गावच्या कोठीत बसून आता परत कसं द्यायचं याचा विचार चालू होता.

ही गोष्ट आपल्या हाताशी किती जवळची आहे! शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत घातल्या की शेतात जायचं खत धूर होऊन जातं. पण बाईने तरी काय करावं? सरपण नाही आणि चूल तर पेटायला हवी. 'गोवऱ्या लावू नका' असं नुसतं सांगून चालत नाही. तिच्या चुलीची सोय झाली तरच शेण शेताला मिळतं. शेतीचा प्रश्न असा स्वयंपाकघरात येऊन थांबतो, म्हणून शेतीच्या बैठकीत बाई हवी.

सुरूलच्या कामाची जी रीत ठरली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गावातले आणि शेतातले प्रश्न गोळा करायचे. ते वर्गात आणायचे, चर्चा करायची. मग संस्थेच्या प्रयोगशेतावर उत्तर शोधायचं. आणि सापडलेलं उत्तर गावाकडे परत न्यायचं. म्हणजे सुरुवात गावापासून, शेवटही गावात, आणि मधलं करून बघणं कोठीच्या जमिनीवर.

'मधलं करून बघणं कोठीच्या जमिनीवर' हे नीट ऐका. आमच्या गटांच्या बैठकीत कोणी नवीन बियाणं, नवीन औषध घेऊन आलं की मागच्या रांगेतून एखादी ताई विचारते, "आणि नाहीच आलं तर?" आलेले पाहुणे हसतात. कोणी म्हणतं, बायका फार शंका काढतात. पण ती शंका नसते, हिशोब असतो. दोन एकरवाल्या घराचा एक हंगाम फसला तर सोसायटीचं कर्ज थकतं, गटाचा हप्ता थकतो, मुलीची फी राहते. मोठ्या शेताला जो प्रयोग असतो, तो लहान शेताला जुगार असतो. म्हणून प्रयोगशेत हवं. पीक फसायचंच असेल तर ते आधी तिथे फसू दे, जिथे फसल्याने कुणाची चूल विझत नाही. संशोधन केंद्राचा खरा उपयोग मला यात दिसतो. गावाच्या वतीने आधी नुकसान सोसणं.

श्रीनिकेतनमध्ये शेतीबरोबर विणकाम, चामड्याचं काम, लाकूडकाम, दुग्धव्यवसाय असे विभाग वाढले. रथींद्रनाथांच्या पत्नी प्रतिमादेवी यांनी हस्तकलांच्या कामात मोठा वाटा उचलला. शांतिनिकेतनच्या नक्षीदार चामडी पिशव्या आपल्याकडच्या प्रदर्शनांतही दिसतात. त्यांना आज भौगोलिक मानांकन आहे. आपल्या कोल्हापुरी चपलेला आहे तसं. त्या कामाची मुळं श्रीनिकेतनमध्ये आहेत. 1928 मध्ये तिथे हलकर्षण, म्हणजे नांगर धरण्याचा उत्सव सुरू झाला. रवींद्रनाथांनी स्वतः नांगराला हात लावला. नंदलाल बोस यांनी त्या उत्सवाचं मोठं भित्तिचित्र श्रीनिकेतनच्या भिंतीवर काढलं. शेतकऱ्याच्या कामाला देवळातल्या पूजेसारखा मान मिळावा, हा त्यामागचा हेतू.

1924 साली खेड्यातल्या गरीब मुलांसाठी 'शिक्षासत्र' नावाची शाळा निघाली. हाताने काम करत शिकायचं, अशी तिची पद्धत. ती पुढे श्रीनिकेतनला आली. इथे आपला महाराष्ट्र येतो. शांतिनिकेतनात काम केलेले आर्यनायकम आणि आशादेवी हे जोडपं नंतर वर्ध्याला आलं. 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि गांधीजींच्या नयी तालीमचं काम सेवाग्रामात सुरू झालं. ते या दोघांनी कितीतरी वर्षं सांभाळलं. बीरभूमच्या लाल मातीतला अनुभव असा विदर्भात पोचला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. नुसती आरती ओवाळून इतिहास कळत नाही.

पतिसरची बँक टिकली नाही. दिलेली कर्जं वसूल होईनात, पुढे कर्जमाफीचे कायदे आले, आणि नोबेलचे पैसेही त्यात अडकले ते अडकलेच. हेतू चांगला होता, पण कर्ज घेणारी माणसं बँकेची मालक नव्हती. आपल्या गटात पैसे बुडाले तर ते शेजारणीचे बुडतात, म्हणून हप्ता भरायची लाज असते, धाक असतो. वरून आलेल्या पैशाला तो धाक नसतो.

श्रीनिकेतनचा बराच खर्च अनेक वर्षं परदेशातून येणाऱ्या मदतीवर चालला. एल्महर्स्ट स्वतः फार काळ राहिले नाहीत. ते इंग्लंडला परतले आणि तिथे डार्टिंग्टन हॉल ही संस्था त्यांनी आणि डोरोथींनी उभी केली. पैसे मात्र पाठवत राहिले. बाहेरच्या मदतीवर उभं राहिलेलं काम ती मदत आटली की कुठे जातं, हे आपण आपल्या तालुक्यातही पाहिलेलं आहे.

जमीन कुणाची, हा प्रश्न तर सुटलाच नाही. रवींद्रनाथ स्वतः जमीनदार होते. खत सुधारलं, बी सुधारलं, पण कूळ कूळच राहिलं. ते स्वतःही मोठ्या गप्पा मारत नव्हते. सगळा देश आपल्या हातून सुधारणार नाही, एक-दोन गावं जरी खऱ्या अर्थाने मोकळी झाली तरी पुरे, अशी त्यांची भूमिका होती.

आणि आपली बाजू. या सगळ्या गोष्टीत नावं कुणाची आली? रवींद्रनाथ, रथींद्रनाथ, एल्महर्स्ट, कालीमोहन. बायकांमध्ये ग्रेचेनबाई, प्रतिमादेवी आणि पैसे देणाऱ्या डोरोथीबाई. सुरूलच्या शेतात चिखलात उभं राहून भात लावणारी, बी निवडणारी, कणगी लिंपणारी बाई या गोष्टीत नावाने येत नाही. तिने काय विचारलं असेल? बियाणं कसं टिकवायचं, हे तिला कोठीतल्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त कळत असणार. पण तिचं म्हणणं लिहिलं गेलं नाही, म्हणून आज आपल्यापर्यंत आलं नाही. जी नोंद होत नाही ती इतिहासातून गळते. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच शेवटी तुम्हाला एक काम सांगते. आपल्या गटाकडे कोठी नाही, विद्यापीठ नाही. पण रजिस्टर आहे, दर महिन्याची बैठक आहे, आणि दहा-बारा जणींचे डोळे आहेत. येत्या हंगामात गटाने एकच प्रश्न घ्यावा, आपल्याच शेतातला. समजा, गांडूळखताने खरंच फरक पडतो का? कुणातरी एकीच्या शेतात, सगळ्यात कमी नुकसान होईल अशा जागी, एक गुंठा घ्या. त्याचे दोन सारखे भाग करा. बी तेच, पेरणीचा दिवस तोच, पाणी सारखं. एका भागात गांडूळखत घाला, दुसऱ्यात घालू नका. बाकी काही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळायचं नाही. खर्चाचे पैसे गटाच्या खात्यातून सर्वानुमते काढा, म्हणजे पीक गेलं तर ओझं एकीवर पडणार नाही. काढणीला दोन्ही भागांचं वजन वेगवेगळं करा.

आणि सगळं लिहा. तारीख, खर्च, वजन, पाऊस कधी पडला, कीड कधी दिसली. उत्तर 'फरक पडला नाही' असं आलं तरी लिहा, तेही उत्तरच आहे. जिने प्रश्न विचारला तिचं पूर्ण नाव वर लिहा, जिच्या शेतात केलं तिचंही लिहा. सहाय्यक कृषी अधिकारी आले की ते रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवा. मग बोलणं 'तुम्ही काय देता' इथून सुरू होणार नाही, 'आम्हाला हे दिसलं, तुमचं काय म्हणणं' इथून सुरू होईल.

पेरणीला अजून वेळ आहे. या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या-अंगठे झाले, की पाच मिनिटं जास्त बसा आणि प्रश्न ठरवा. ठरलेला प्रश्न रेडिओ केंद्रावर कळवा. पुढच्या वेळी आपण त्यावरच बोलू.